कानपिळीला भाऊ हवा

यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीजवळच्या एका गावातला, आयटीआयमध्ये मी शिकवतो त्या वर्गात फिटरचा ट्रेड पूर्ण केलेला एक मुलगा मार्च महिन्यात चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला लागला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या सख्ख्या बहिणीचे लग्न होते. ही तारीख त्याला नोकरी लागण्याच्या कितीतरी आधी, सोयरिक पक्की झाली त्याच दिवशी ठरलेली होती. रुजू होताना त्याने ती कुणालाही सांगितली नाही, कारण कुणी विचारले नाही, आणि आपण होऊन सांगितले तर हाती आलेली नोकरी जाईल अशी धास्ती त्याला वाटत होती. लग्नाला आठ दिवस उरले तेव्हा त्याने सुपरवायझरपुढे विषय काढला. "लग्न तुझे आहे का?" एवढेच त्याला विचारण्यात आले. तो तरीही गेला. मांडवात उभा राहिला, कानपिळीच्या वेळी त्याने नवरदेवाचा कान पिळला, चौथ्या दिवशी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत निघाला आणि सकाळी कारखान्याच्या गेटवर त्याचे कार्ड चालले नाही. नाव यादीतून काढले आहे, असे ठेकेदाराने फोनवर सांगितले.

त्याच्या दोन वर्षे आधीच्या तुकडीतील दुसरा मुलगा अशाच प्रसंगी गेला नाही. नोकरी टिकली, पुढे पगारही वाढला. त्याच्या बहिणीच्या लग्नात कानपिळीला चुलतभाऊ उभा राहिला. पुढे एकदा बाजाराच्या दिवशी त्याच्या आईने मला थांबवून सांगितले, "सर, पोरगं नोकरीवर हाये ते बरंच हाये, पन पोरीनं मांडवात चारदा इचारलं, दादा आला काय म्हनून."

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत (आयटीआयमध्ये) शिल्पनिदेशक म्हणून बावीस वर्षे काम करताना अशा हकिगती मी इतक्या ऐकल्या आहेत, की कोणता मुलगा बरोबर आणि कोणता चूक हा प्रश्न मला आता महत्त्वाचा वाटत नाही. दोघांवरही जी निवड लादली गेली, तीच अनावश्यक होती. माझे म्हणणे असे आहे, की नोकरीच्या आधी ठरलेली घरातली तारीख ही पगार आणि पाळी यांच्याइतकीच नोकरीच्या बोलणीचा भाग असली पाहिजे. ती रुजू होण्यापूर्वी उघडपणे बोलली गेली पाहिजे. आणि ते बोलणे सुरू करण्याची जबाबदारी नव्या, घाबरलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलावर न टाकता ज्याच्या हातात नोकरी आहे त्याने ती घेतली पाहिजे.

आधी कायदा काय देतो ते पाहू, कारण आमच्या भागात या बाबतीत दोन टोकांचे गैरसमज आहेत. कुणाला वाटते रजा हा पहिल्या दिवसापासूनचा हक्क आहे, आणि कुणाला वाटते वर्षभर रजेचे नावही काढायचे नसते. कारखाने अधिनियम, १९४८ ने जी चौकट घालून दिली, तिच्यात एका कॅलेंडर वर्षात किमान २४० दिवस काम केलेल्या कामगाराला पुढील वर्षात दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस, या हिशेबाने पगारी रजा मिळत असे. म्हणजे २४० दिवस भरले तर १२ दिवस, आणि तेही पुढच्या वर्षी. अशा रजेचा अर्ज किमान १५ दिवस आधी करावा लागे. आजारपणाला या मुदतीतून सूट होती. २०२० साली संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने २४० ची अट १८० दिवसांवर आणली; ही संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. ही सुधारणा चांगली आहे, पण मार्चमध्ये लागलेल्या आणि एप्रिलमध्ये बहिणीचे लग्न असलेल्या मुलाला १८० काय आणि २४० काय, सारखेच.

दुकाने व आस्थापनांसाठीचा महाराष्ट्राचा २०१७ चा अधिनियम याहून उदार आहे. त्यात वर्षाला ८ दिवसांची पगारी नैमित्तिक रजा आहे आणि ती तिमाहीवार खात्यात जमा होते, त्यामुळे नव्या माणसालाही पहिल्या काही महिन्यांतच एखाद-दुसरा दिवस मिळू शकतो. परंतु हा कायदा आधी दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता, आणि २०२५ मध्ये ही मर्यादा वीसवर नेण्यात आली. आमच्या तालुक्याच्या गावातील कृषी सेवा केंद्र, मोबाईलचे दुकान, दुचाकीचे गॅरेज, खासगी दवाखाना किंवा शिकवणी वर्ग यांपैकी दहा माणसेसुद्धा कामाला असलेली ठिकाणे फार थोडी निघतील. तिथे रजा मालकाच्या मर्जीवर चालते.

या सगळ्या तरतुदींमध्ये एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. आजारपण हे अचानक येते हे कायद्याला मान्य आहे, मृत्यूचे काय? घरातील कर्ता माणूस गेला तर पंधरा दिवस आधी अर्ज कुणी करायचा? आमच्याकडे तेराव्या दिवशी तेरवी होते, म्हणजे माणूस गेल्याच्या क्षणी अर्ज लिहायला बसले तरी तेरवी पंधरा दिवसांच्या आतच येते. समजूतदार अधिकारी अशा वेळी नियमावर बोट ठेवत नाहीत हे खरे आहे, पण मग नव्या मुलाचे सगळे भवितव्य त्याला अधिकारी कसा भेटला यावर अवलंबून राहते. ठेक्यावरच्या कामगाराची अवस्था याहून कठीण असते. त्याचा पर्यवेक्षक कारखान्याचा, हजेरी ठेकेदाराची आणि रजा मंजूर करण्याचा अधिकार नेमका कुणाचा, हे त्याला कुणीही नीट सांगत नाही. ठेकेदार बदलला की भरलेल्या दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाल्याचे अनुभवही मुले सांगतात.

अशा वेळी मला आमच्या शेतीतील एक जुना व्यवहार आठवतो. विदर्भात सालगडी ठरतो तो गुढीपाडव्याला. वर्षाची रोख रक्कम किती, धान्य किती, कपडालत्ता काय, हे त्या दिवशी बोलले जाते. त्याचबरोबर सणाचे दिवस कोणते आणि खाडा झाला तर काय, हेही बोलले जाते. माझ्या वडिलांच्या वेळी आमच्या घरी जे सालगडी होते, त्यांच्या मुलीचे लग्न ज्या वर्षी व्हायचे होते, त्या वर्षी त्यांनी पाडव्याच्या बैठकीतच सांगितले, की वैशाखात मला दहा दिवस लागतील. वडिलांनी ते मान्य केले आणि त्या दहा दिवसांसाठी भावकीतील एका मुलाला वावराचे काम आधीच लावून ठेवले. या प्रथेचे मी गोडवे गात नाही. सालगड्याच्या मानेवर उचलीचे ओझे असे, आणि मालकाने नाही म्हटले तर त्याला दाद मागायला जागा नव्हती. तरीही तारखेचे बोलणे कामाच्या आधी व्हायचे असते, एवढी गोष्ट त्या असमान व्यवहारातसुद्धा दोन्ही बाजूंना ठाऊक होती. लेखी नेमणूकपत्र, भविष्य निर्वाह निधी आणि बायोमेट्रिक हजेरी आल्यावर आपण तीच गोष्ट विसरलो.

पूर्ण विसरलो असेही नाही. आमच्या भागातील एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात, दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू होताना माणसे भरतात, तेव्हा तेथील मुनीम प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवतात: "घरी काई लगन-बिगन असन तं आताच सांगजा, मंग म्हनू नोको." सांगितलेली तारीख ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या माणसाच्या नावासह लिहून ठेवतात. जिनिंगचा हंगाम म्हणजे काही महिन्यांचा खेळ असतो; कापसाची आवक सुरू असताना माणूस कमी पडला तर गाड्यांची रांग लागते. ज्याला रजा देणे सर्वांत जड, त्यानेच ती आधी विचारून घ्यावी, यात मला मोठा व्यवहारीपणा दिसतो. त्या कॅलेंडरवर एका तारखेला तिघांची नावे आली, तर मुनीम तिघांना बोलावून आपसांत ठरवायला सांगतात. हे त्यांना जमते, तर ज्यांच्याकडे मनुष्यबळाचा स्वतंत्र विभाग आहे त्यांना का जमू नये?

तारखांचा प्रश्न आमच्याकडे विशेष अवघड होतो त्याला कारण आहे. दिवाळीनंतर तुळशीचे लग्न लागले की तिथी निघू लागतात हे खरे, परंतु शेतकऱ्याच्या घरचे लग्न बहुधा कापसाची उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाल्यावर, तूर-हरभरा विकून हाती पैसा आल्यावर आणि मृगाची पेरणी अंगावर येण्याच्या आत उरकायचे असते. त्यामुळे एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत लग्ने दाटीवाटीने येतात. पुण्याच्या परिसरातील कारखान्यांमध्ये विदर्भ-मराठवाड्यातील मुले एकाच पाळीवर पाच-सहा असतात आणि सगळ्यांच्या घरची लग्ने त्याच तिथींवर असतात. त्यात अंतर. पुण्याहून यवतमाळ रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. यवतमाळ शहरात आज ब्रॉडगेज गाडी येत नाही. रेल्वेने यायचे तर धामणगावला किंवा वर्ध्याला उतरून पुढे एसटीने जायचे. म्हणजे एका दिवसाच्या लग्नाला जाण्याचा एक आणि येण्याचा एक धरून तीन दिवस, हळदीला पोहोचायचे तर चार. पुण्यातल्या पुण्यात राहणाऱ्या सहकाऱ्याला जे काम अर्ध्या दिवसाच्या सवलतीत जमते, त्याच कामासाठी आमचा मुलगा चार दिवस मागतो, आणि मागणारा तो एकटाच असल्यासारखा दिसतो.

नात्याचाही प्रश्न आहे. अनेक ठिकाणी रजेसाठी 'जवळचे नाते' म्हणून आईवडील, जोडीदार, मुले आणि फार तर सख्खी भावंडे एवढीच गणली जातात. परंतु भाचीला अंतरपाटापाशी घेऊन येण्याचा मान मामाचा असतो, आणि वडील हयात नसलेल्या घरात मुलीच्या लग्नाचा सगळा भार काका उचलतो. नात्याची यादी वाढवावी असे मी म्हणत नाही. यादी कितीही लांबवली तरी कुणीतरी बाहेर राहणारच. वर्षाला अमुक दिवस, कारण ज्याचे त्याने ठरवावे, हा मार्ग मला अधिक स्वच्छ वाटतो. मग मामाला स्वतःला सख्खा भाऊ ठरवण्याची वेळ येणार नाही.

आणि खोटे बोलण्याची वेळ, हीच माझ्या दृष्टीने या प्रश्नातील सर्वांत वाईट बाब आहे. शाळेत आपण रजेचा अर्ज लिहायला शिकतो, तो "घरगुती कारणामुळे" किंवा "ताप आल्यामुळे" या दोन साच्यांत, आणि त्याचा शेवट "आपला आज्ञाधारक" असा होतो. रजा ही कृपा आहे आणि खरे कारण झाकून ठेवायचे असते, हे दोन्ही धडे आपण दहा-बारा वर्षांच्या वयात घेतो. तेच मूल पुढे कारखान्यात लागते आणि लग्नासाठी रजा मिळणार नाही हे कळल्यावर आई आजारी असल्याचे सांगते. मीही पहिल्या नोकरीत हे केले आहे. चुलतबहिणीच्या लग्नासाठी मी आईच्या आजारपणाचे कारण लिहून दिले. परत आल्यावर सेक्शनमधील एका वयस्क ऑपरेटरने, "आई कशी आहे आता?" असे मनापासून विचारले आणि पुढे आठवडाभर विचारत राहिले. त्यांना उत्तर देताना मला जी शरम वाटली ती आज तीस वर्षांनंतरही गेलेली नाही. खरे सांगून चार दिवसांचा पगार कापला गेला असता तर मी तो आनंदाने दिला असता. तशी सोय आहे, हे मला कुणी सांगितले नव्हते.

बिनपगारी रजेबद्दल आमच्या मुलांना फारच कमी माहिती असते. पगारी रजा अजून साचलेली नाही, म्हणून जाताच येणार नाही, असा त्यांचा समज असतो, आणि तो दूर करण्याची घाई कुणालाच नसते. नवीन माणसाने न कमावलेल्या रजेचा पगार मागू नये, हे मला मान्य आहे. पण कामाचे पैसे न घेता, आधी सांगून, ठरलेल्या दिवशी परत येण्याच्या बोलीवर चार दिवस मागणाऱ्याला कामावरून काढणे हे शिस्तीच्या कोणत्याही व्याख्येत बसत नाही. प्रशिक्षणासाठी त्याच्यावर आधीच खर्च झालेला असतो; त्याच्या जागी येणाऱ्या नव्या मुलाला मशीन समजायला पुन्हा आठवडे लागतात. चार दिवस वाचवण्यासाठी हा खर्च कारखाना स्वतःच ओढवून घेतो.

माझ्या सूचनेवर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो माझ्या एका विद्यार्थिनीनेच घेतला. ती म्हणाली, "सर, मुलाखतीत घरच्या कार्यक्रमांबद्दल विचारायला लागले, तर मुलींना आधी विचारतील, तुझे लग्न कधी आहे." तिचे म्हणणे अगदी खरे आहे. मुलाखतीत मुलींना लग्नाबद्दल विचारून त्यांना मागे ठेवण्याचे प्रकार आजही घडतात, आणि अशा प्रकारांना आणखी एक दार उघडून द्यावे असे मला मुळीच वाटत नाही. तिच्या बोलण्यानंतर मी माझे मत बदलले. हा प्रश्न मुलाखतीत विचारूच नये. निवड झाल्याचे लेखी कळवल्यानंतर आणि रुजू होण्याच्या आधी, मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाला तो एकाच शब्दांत विचारावा: येत्या चार महिन्यांत आधीच ठरलेल्या अशा कोणत्या तारखा आहेत का, ज्या दिवशी तुम्हाला येता येणार नाही? कारण विचारू नये, तारखा विचाराव्यात. रुजू होण्याच्या फॉर्मवर रक्तगट असतो, सेफ्टी शूजचा नंबर असतो, घरचा फोन क्रमांक असतो. तिथे ही एक ओळ वाढवायला कायदा बदलावा लागत नाही.

आता कारखानदारांची बाजू. ती मी टाळू शकत नाही, कारण भरतीसाठी आमच्या संस्थेत येणारे प्रतिनिधी ती मला दरवर्षी ऐकवतात. ते म्हणतात, तुमची मुले चार दिवस सांगून जातात आणि बारा दिवसांनी येतात, काही तर येतच नाहीत. हे खरे आहे आणि मला त्याचे वाईट वाटते. लग्न झाले की सत्यनारायण, मग पाहुण्यांची पाठवणी, मग वडील म्हणतात आलाच आहेस तर धुऱ्यावरच्या झाडाचे तेवढे करून जा, आणि असे करता करता आठवडा जातो. घरचे म्हणतात, नोकरी काय, दुसरी मिळेल. ज्या मुलाने शब्द दिला आणि मोडला, त्याच्यामुळे पुढच्या वर्षी शब्द देणाऱ्या दहा मुलांना रजा मिळत नाही. म्हणून रजेला निघण्यापूर्वी परतीचे तिकीट काढून ते सुपरवायझरला दाखवावे, असा माझा मुलांना आग्रह असतो. लग्नसराईत ट्रॅव्हल्सचे भाडे चढलेले असते आणि परतीचे पैसे आधीच गुंतले की घरच्या आग्रहाला उत्तर देणेही सोपे जाते.

घरच्यांनाही काही सांगायचे आहे. तारीख काढताना आपण वधूवरांच्या पत्रिका पाहतो, मंगल कार्यालय मोकळे आहे का ते पाहतो, आचारी आणि बँडवाल्याला विचारतो. ज्या मुलाच्या पगारातून मांडवाचा खर्च निघणार आहे, त्याला मात्र तारीख ठरल्यावर कळवतो. एका आठवड्यात दोन तिथी असतील, तर त्यातली कोणती त्याच्या साप्ताहिक सुट्टीला लागून येते, एवढे त्याला विचारले तर त्याचा एक खाडा वाचतो. आणि प्रत्येक चुलत, मावस, आतेभावंडाच्या लग्नाला नव्या नोकरीतून माणसाला ओढणे सोडले पाहिजे. पहिल्या वर्षात एक कार्य, फार तर दोन. ती कोणती हे घरात बसून ठरवावे. बाकीच्या ठिकाणी आहेर पोहोचला तर नाते तुटत नाही.

यंदा परीक्षा संपल्यावर मी अंतिम वर्षाच्या मुलांना कॅलेंडर घेऊन बसवले आणि प्रत्येकाला वर्गातूनच घरी फोन करायला लावला. पुढील चार महिन्यांतील कार्ये विचारा आणि लिहा, असे सांगितले. सत्तावीस मुलांपैकी सहा जणांच्या घरी कार्य निघाले, त्यांपैकी पाच जणांची तारीख ठरलेली होती. निवड झालेल्या मुलांनी त्या तारखा, प्रवासाचे दिवस धरून, बिनपगारी चालेल असे नमूद करून, रुजू होण्यापूर्वी लेखी कळवल्या. चार कारखान्यांनी होकार दिला, एकाने पहिल्या तीन महिन्यांत जमणार नाही असे स्पष्ट कळवले, आणि त्या मुलाने घरी बोलून नागपूरजवळच्या बुटीबोरीची दुसरी नोकरी स्वीकारली. त्या नकाराचीही मला तक्रार नाही, कारण तो वेळेत आला. सहाव्या मुलाच्या आईने फोनवर सांगितले होते, की मुलगी दिली आहे, पण तिथी अजून निघायची आहे. त्याने "बहिणीचे लग्न, तारीख ठरायची आहे, साधारण तुळशीच्या लग्नानंतर" असे लिहून पाठवले. दोन दिवसांनी कारखान्याकडून एका ओळीचे उत्तर आले: तारीख ठरल्यावर कळवा, पाळी लावताना लक्षात ठेवू.